प्रवासभाड्यावरून होणारे नेहमीचे वाद: कोणता जागेवर मिटवावा, कोणता नोंद घेऊन पुढे न्यावा

बस, रेल्वे, मेट्रो किंवा ट्रामने रोज ये-जा करणाऱ्याला पैशांवरून होणारी कुरबुर नवी नसते. वाहकाकडून सुटे पैसे परत मिळायचे राहून जातात, मोबाइलवरून पैसे कापले जातात पण तिकीट निघत नाही, दाराशी कार्ड टेकवल्यावर यंत्र लाल दिवा दाखवते, किंवा खाते पाहताना एखाद्या दिवसाचे भाडे नेहमीपेक्षा बरेच जास्त लागलेले दिसते. रक्कम लहान असते, गाडी चालू असते, मागे माणसे खोळंबलेली असतात आणि दोन्ही बाजूंना आपलेच बरोबर आहे असे मनापासून वाटत असते. त्यामुळे साध्या चौकशीचे भांडण व्हायला वेळ लागत नाही, आणि भांडण झाले की मूळ पैशांचा प्रश्न तसाच बाजूला पडतो.

अशा वेळी चूक कोणाची हे ठरवण्याआधी या वादाचा पुरावा कुठे आहे आणि तो किती वेळ टिकणार आहे, हे स्वतःला विचारावे. रोख पैशांच्या देवघेवीचा पुरावा दोन माणसांच्या हातांत आणि आठवणीत असतो, म्हणून तो काही मिनिटांत पुसट होतो. असा वाद गाडीतून उतरण्यापूर्वीच मिटवावा लागतो. कार्ड, मोबाइल किंवा पास यांच्या व्यवहाराची नोंद मात्र यंत्रात, बँकेत आणि परिवहन संस्थेच्या संगणकात राहते. हा दुसऱ्या प्रकारचा वाद गाडीतच मिटवण्याचा हट्ट धरला तर बहुधा काहीच हाती लागत नाही, कारण समोरच्या चालकाला किंवा वाहकाला ती नोंद दिसत नसते आणि पैसे परत करण्याचा अधिकारही त्याला नसतो. तेथे त्या क्षणी एकच काम करायचे असते: ती नोंद नंतर शोधता येईल अशा खुणा जपून ठेवायच्या आणि प्रवास पुढे चालू ठेवायचा. पुढील सर्व उपाय या एका फरकावर उभे आहेत.

सुटे पैसे परत मिळत नाहीत

रोख व्यवहारातले बहुतेक वाद एकाच प्रसंगातून उद्भवतात. प्रवासी मोठी नोट पुढे करतो, वाहकाकडे मोड नसते, तो तिकीट हातात देऊन "उरलेले नंतर देतो" असे म्हणतो आणि पुढे सरकतो. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर गर्दी चढते, वाहक गाडीच्या दुसऱ्या टोकाला अडकतो आणि इकडे प्रवाशाचा थांबा येतो. बहुधा दोघांच्याही मनात काही वाईट नसते. देवघेव अर्धी सुटली आणि तिची खूण कुठेच उरली नाही, एवढेच घडलेले असते. म्हणून उपायही खूण ठेवण्याचाच आहे. वाहक पुढे सरकण्यापूर्वी तिकीट त्याच्या हाती देऊन "दादा, उरलेले मागे लिहून द्या, म्हणजे उतरताना मागता येतील" असे सांगावे. तिकिटाच्या पाठीवर रक्कम आकड्यांत लिहिलेली असावी आणि तिच्याजवळ वाहकाची सही किंवा बिल्ला क्रमांक असावा, कारण नुसताच आकडा असला तर तो कोणी लिहिला यावरून नवा वाद उभा राहतो. पैसे मागायला स्वतःचा थांबा येईपर्यंत थांबू नये. एकदोन थांबे आधीच वाहकाला गाठावे. तोपर्यंत त्याच्या पिशवीत इतर प्रवाशांकडून सुटे पैसे जमलेले असतात आणि दार उघडे ठेवून नाणी शोधण्याची वेळ कोणावर येत नाही.

जर्मनीत बस आणि ट्राम यांच्या प्रवासासाठी १९७० साली ठरवण्यात आलेल्या सर्वसाधारण अटींमध्ये या प्रसंगाचा नेमका विचार केलेला आढळतो. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी रक्कम मोडून देण्याचे बंधन त्या अटी कर्मचाऱ्यावर घालत नाहीत. मोड देता येत नसेल तर त्याने आपल्याकडे राहिलेल्या रकमेची पावती द्यायची, प्रवाशाने ती पावती संस्थेच्या कार्यालयात दाखवून पैसे घ्यायचे, आणि ही व्यवस्था मान्य नसेल तर प्रवास सोडून द्यायचा, असे त्यांत म्हटले आहे. भाडे, परत मिळालेले सुटे पैसे किंवा पावती यांबद्दलची हरकत ताबडतोब घेतली पाहिजे, हेही त्याच अटींमध्ये आहे. ही शेवटची अट प्रवाशाला कठोर वाटेल, पण ती योग्यच आहे असे मला वाटते. दुसऱ्या दिवशी आगारात जाऊन "काल मला पैसे कमी मिळाले" असे सांगणाऱ्याचे म्हणणे खरे असले तरी ते पडताळून पाहायला कोणाकडे काहीच नसते. म्हणून सुटे पैसे हातात आल्यावर ते खिशात टाकण्यापूर्वी वाहकाच्या समोरच मोजावेत, आणि मोजणे म्हणजे अविश्वास दाखवणे असा संकोच मुळीच बाळगू नये.

याहून कडवट वाद दिलेली नोट केवढ्याची होती यावरून होतो. प्रवासी म्हणतो मोठी दिली, वाहक म्हणतो लहान दिली, आणि तोवर ती नोट इतर नोटांमध्ये मिसळून गेलेली असते. तो टाळण्याचे काम नोट देतानाच होते: नोट केवढ्याची आहे, कुठपर्यंत जायचे आहे आणि किती तिकिटे हवीत हे एका दमात, आजूबाजूच्या दोघाचौघांना ऐकू जाईल असे सांगावे. वाहकानेही देवघेव पूर्ण होईपर्यंत ती नोट बोटांत वेगळी धरून ठेवावी. अनुभवी वाहक असेच करतात. तरीही वाद झालाच तर तो सोडवण्याचा एक मार्ग उरतो. विकलेल्या प्रत्येक तिकिटाची नोंद असते, त्यामुळे पाळी संपल्यावर रोकड भरताना पिशवीतली रक्कम तिकिटांच्या हिशेबाशी जुळायला हवी. वाहकाने खरोखरच मोठी नोट लहान समजून घेतली असेल तर भरण्यात नेमकी तेवढीच रक्कम जास्त निघेल. म्हणून तिकीट क्रमांक, गाडी क्रमांक आणि वेळ लिहून घेऊन त्याच दिवशी आगाराला किंवा नियंत्रण कक्षाला कळवावे आणि त्या पाळीचा भरणा तपासण्याची विनंती करावी. ही विनंती दिवस उलटल्यावर केली तर तिचा उपयोग जवळजवळ संपलेला असतो.

या ठिकाणी वाहकाच्या बाजूचाही विचार मनात ठेवावा. अनेक परिवहन संस्थांमध्ये भरण्यात कमी पडलेली रक्कम वाहकाला स्वतःच्या खिशातून भरावी लागते, त्यामुळे एका नाण्यासाठी तो अडून बसला तर त्यामागे हटवादीपणा असेलच असे नाही. आवाज न चढवता बोलणाऱ्या प्रवाशाचे पैसे लवकर परत मिळतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

दोन प्रवाशांना मिळून एक नोट देऊन "दोघे वाटून घ्या" असे सांगितले जाते, तेव्हा वाद वाहकाकडून प्रवाशांकडे सरकतो. दोघेही एकाच ठिकाणी उतरणार असतील आणि त्यांच्यापैकी एकाकडे मोड असेल तरच हे मान्य करावे. नाहीतर "मला माझे वेगळे द्या" असे त्याच क्षणी सांगणे रास्त आहे. काही ठिकाणी मात्र सुटे परत मिळण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेतील अनेक शहरांच्या बसमध्ये पैसे थेट पेटीत टाकावे लागतात आणि पेटी जास्तीचे पैसे परत देत नाही, तर लंडनच्या बसनी जुलै २०१४ पासून रोख पैसे घेणेच बंद केले. नव्या शहरात पहिल्यांदा गाडीत चढण्यापूर्वी तेथे रोख चालते का, आणि चालत असल्यास मोड मिळते का, एवढे थांब्यावर विचारून घेतले की निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

आकारलेले भाडे जास्त वाटते

काल एवढेच अंतर कमी पैशांत झाले आणि आज जास्त मागितले, ही तक्रार बहुतेक वेळा गैरसमजातून येते. भाडे किलोमीटरवर नसून टप्प्यांवर असेल तर एक थांबा पुढे उतरल्यानेही पूर्ण टप्प्याचे भाडे वाढते. जलद, वातानुकूलित किंवा रात्रीची गाडी असेल तर तिचा दर निराळा असू शकतो, आणि काही शहरांत गर्दीच्या वेळचे भाडे इतर वेळेपेक्षा जास्त असते. सामानाचे वेगळे तिकीट आणि सवलतीसाठी लागणारे ओळखपत्र ही आणखी दोन नेहमीची कारणे. म्हणून "जास्त का घेतले" असे विचारण्याऐवजी "हे तिकीट कुठून कुठपर्यंतचे आणि कोणत्या दराचे आहे" असे विचारावे. उत्तरात चूक सापडली, म्हणजे चढल्याचा किंवा उतरण्याचा थांबा चुकीचा नोंदला गेला असेल, तर तिकीट त्याच वेळी रद्द करून दुसरे देता येते का हे पाहावे. पुढची तिकिटे निघाल्यावर मागचे रद्द करणे अनेक यंत्रांमध्ये अवघड होते.

मोबाइलवरून पैसे गेले, तिकीट मात्र नाही

क्यूआर संकेत टिपून किंवा अॅपमधून पैसे भरताना व्यवहार तीनपैकी एका स्थितीत असतो: पूर्ण, अयशस्वी किंवा प्रलंबित. पहिल्या दोन स्थितींत वादाला फारशी जागा नसते. त्रास होतो तो तिसऱ्या स्थितीत, कारण प्रवाशाच्या खात्यातून रक्कम वजा झालेली दिसते आणि तरीही ती परिवहन संस्थेच्या खात्यात पोहोचल्याचा निरोप वाहकाच्या यंत्राला मिळालेला नसतो. दोन बँका आणि त्यांच्या मधली यंत्रणा यांच्यातला एखादा निरोप वेळेत पोहोचला नाही की असे घडते. अशा वेळी प्रवासीही खरे बोलत असतो आणि वाहकही खरे बोलत असतो, ही गोष्ट दोघांनाही ठाऊक असायला हवी. प्रवासी आपला पडदा दाखवून "पैसे गेले आहेत" असे सांगत राहतो, पण वाहक त्या पडद्यावर विसंबून तिकीट देऊ शकत नाही. पैसे भरल्याचे चित्र बनवता येते, आणि मुख्य म्हणजे पैसे जमा झाल्याची खातरजमा घेणाऱ्याच्या यंत्रावर व्हावी लागते, देणाऱ्याच्या नव्हे.

येथे सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घाईने त्याच अॅपमधून पुन्हा पैसे भरणे. पहिला व्यवहार थोड्या वेळाने पूर्ण झाला तर दोन वेळा पैसे जातात आणि एकाच तिकिटासाठी दोन नोंदी उभ्या राहतात. त्यापेक्षा थोडा वेळ थांबून व्यवहाराची स्थिती पुन्हा पाहावी. तोवर स्थिती बदलली नाही तर रोख किंवा कार्ड अशा वेगळ्या मार्गाने तिकीट काढावे आणि पहिल्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. बँकांमधल्या अनेक व्यवहारांत हा क्रमांक १२ अंकी असतो. बँकेला आणि परिवहन संस्थेला तुमचा व्यवहार हजारो व्यवहारांतून शोधून काढता येतो तो याच क्रमांकामुळे. नंतर काढलेले तिकीटही टाकून देऊ नये, कारण प्रलंबित व्यवहार पुढे पूर्ण झाला तर एकाच प्रवासासाठी दोनदा पैसे दिल्याचा तोच पुरावा ठरतो.

अडकलेली रक्कम बहुतेक वेळा आपोआप मूळ खात्यात परत येते. ती परत मिळवून देतो असे सांगणाऱ्या अनोळखी माणसाला दुसरे खाते, गुप्त क्रमांक किंवा फोनवर आलेला तात्पुरता संकेतांक कधीही देऊ नये. इंटरनेटवर मदत क्रमांक शोधताना फसवणूक करणाऱ्यांचे क्रमांकही समोर येतात, म्हणून क्रमांक अॅपमधून, बँकेच्या कार्डाच्या मागून किंवा तिकिटावरूनच घ्यावा. लहान रकमेचा वाद मिटवायला गेलेल्या माणसाचे खाते रिकामे होणे ही फार क्लेशदायक गोष्ट आहे, आणि ती टाळण्यासारखी आहे.

क्यूआर संकेत गाडीत चिकटवलेला असेल तर पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव परिवहन संस्थेचेच आहे ना हे पाहावे. मूळ संकेतावर दुसरा कागद चिकटवलेला असू शकतो. नाव वेगळे दिसले तर तेथेच थांबावे आणि वाहकाला दाखवावे.

कार्ड टेकवले, तरी गडबड झाली

स्पर्शविरहित कार्डांचे वाद बाहेरून सारखेच दिसतात, पण त्यांची कारणे निरनिराळी असतात, म्हणून येथे थोडे खोलात जावे लागेल. ही कार्डे १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींवर चालतात आणि काही सेंटिमीटर अंतरावरूनच वाचली जातात. पाकिटात दोन-तीन कार्डे असताना पूर्ण पाकीटच यंत्राला टेकवले तर यंत्राला एकाच वेळी अनेक कार्डे भेटतात. मग ते एकतर सगळी नाकारते किंवा त्यांतल्या भलत्याच कार्डावर भाडे लावते. "मी टेकवले होते, पण माझ्या पासावर नोंदच नाही" या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. उपाय सोपा आहे: प्रवासाचे कार्ड पाकिटातून बाहेर काढून एकटेच टेकवावे, आणि तक्रार करण्यापूर्वी पाकिटातल्या इतर कार्डांची खातीही तपासावीत.

दुसरे कारण घाईचे. जपानमध्ये २००१ साली सुरू झालेल्या सुइका कार्डाची रचना गर्दीचे लोंढे फाटकातून न थांबता जावेत म्हणून सुमारे ०.२ सेकंदात व्यवहार पूर्ण व्हावा अशी करण्यात आली. सगळीकडची यंत्रे इतकी चपळ नसतात. शिल्लक कार्डाच्या आतच नोंदलेली असेल तर यंत्राला ती वाचून, भाडे वजा करून नवी शिल्लक परत लिहावी लागते. लिहिणे पूर्ण होण्याआधी कार्ड उचलले तर व्यवहार अर्धवट राहतो. आवाज होईपर्यंत किंवा हिरवा दिवा लागेपर्यंत कार्ड स्थिर धरावे. लाल दिवा लागला तर ते यंत्रापासून पूर्ण दूर नेऊन मग पुन्हा टेकवावे.

ज्या मार्गांवर चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड टेकवावे लागते, तेथे उतरताना विसरणे हे जास्त भाड्याचे सर्वांत मोठे कारण असते. प्रवास कुठे संपला हे यंत्रणेला कळत नाही, म्हणून ती त्या मार्गावरचे कमाल भाडे लावते. लंडनच्या भुयारी रेल्वेत असेच होते, तर तेथल्याच बसमध्ये फक्त चढताना कार्ड टेकवायचे असते; एकाच शहरात दोन रीती असल्या की नवखा माणूस चुकतोच. असा अपूर्ण प्रवास झाल्याचे लक्षात आले तर परिवहन संस्थेच्या अॅपमध्ये किंवा मदत केंद्रात जाऊन उतरल्याचे स्थानक सांगता येते का हे पाहावे. नेहमीचा प्रवास असेल तर जास्तीची रक्कम परत मिळण्याची शक्यता चांगली असते. हे काम लवकर करावे, कारण अशा दुरुस्तीला बहुधा मुदत असते.

याच्याच जोडीला एक कारण असे आहे की ते सहज कोणाच्या लक्षात येत नाही. चढताना फोन टेकवला आणि उतरताना त्याच बँकेचे प्लास्टिकचे कार्ड टेकवले, तर प्रवाशाच्या दृष्टीने खाते एकच असते, पण यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी कार्डे असतात. फोनमध्ये कार्ड जोडताना सुरक्षेसाठी त्याला निराळा क्रमांक दिला जातो; घड्याळात जोडले तर त्याचाही आणखी निराळा. त्यामुळे एकाच फेरीचे दोन अपूर्ण प्रवास होतात आणि दोन्हींवर कमाल भाडे लागू शकते. ज्या साधनाने आत गेलात त्याच साधनाने बाहेर या. फोनची बॅटरी संपत आली असेल तर प्रवासाची सुरुवातच कार्डाने करावी.

खात्यावरची रक्कम आणि प्रत्यक्ष भाडे जुळत नाही, यावरूनही बरेच वाद होतात. बँकेचे कार्ड टेकवल्यावर प्रत्येक फेरीचे भाडे लगेच वजा होईलच असे नाही. अनेक परिवहन संस्था दिवसभराच्या फेऱ्या एकत्र करून दिवस संपल्यावर एकच रक्कम घेतात, आणि कार्ड चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी पहिल्या वेळी एखादी नाममात्र रक्कम तात्पुरती राखून ठेवतात. खात्यात ती प्रलंबित म्हणून दिसते आणि नंतर नाहीशी होते. म्हणून एका ओळीकडे पाहून दोनदा पैसे गेले असे ठरवू नये. पूर्ण दिवसाच्या फेऱ्यांची यादी काढून तिची बेरीज त्या दिवसाच्या अंतिम रकमेशी ताडून पाहावी. खात्यात पैसे नसल्याने बँकेने रक्कम नाकारली तर संस्था ते कार्ड नकारयादीत टाकते, आणि दुसऱ्या दिवशी खात्यात भरपूर पैसे असूनही दार उघडत नाही. त्या वेळी यंत्राशी किंवा चालकाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आधीची थकलेली रक्कम भरली की कार्ड पुन्हा चालू होते.

ऑनलाइन भरलेली रक्कम कार्डावर दिसत नाही, याचे कारणही शिल्लक कुठे ठेवलेली आहे यात दडलेले असते. शिल्लक कार्डाच्या आत असेल तर इंटरनेटवरून भरलेले पैसे कार्डापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. ते कार्ड एखाद्या विशिष्ट यंत्रावर किंवा फाटकावर टेकवल्यावरच त्यात उतरतात. शिल्लक संस्थेच्या संगणकातील खात्यावर असेल तर ही अडचण नसते, पण मग फाटकावर शिल्लक दिसेलच अशी खात्री नसते. सिंगापूरमध्ये जानेवारी २०२४ मध्ये कार्डातच शिल्लक ठेवणारी जुनी पद्धत बंद करून प्रौढ प्रवाशांना खात्यावर आधारलेल्या पद्धतीकडे नेण्याची घोषणा झाली, तेव्हा टेकवताक्षणी भाडे आणि शिल्लक दिसणार नाही म्हणून प्रवाशांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि त्याच महिन्यात तो निर्णय मागे घेण्यात आला. मला त्या प्रवाशांचे म्हणणे पूर्ण पटते. किती पैसे गेले हे ज्या क्षणी दिसते त्याच क्षणी चूक पकडता येते. घरी जाऊन पाहायचे म्हटले की बहुतेक माणसे पाहतच नाहीत. हाँगकाँगमध्ये १९९७ पासून चालणाऱ्या ऑक्टोपस कार्डात शिल्लक कमी पडली तरी ती एका मर्यादेपर्यंत शून्याखाली जाऊ दिली जाते, त्यामुळे दाराशी अडकून पडण्याची वेळ कमी येते. तुमच्या कार्डात अशी सोय आहे का, हे एकदा विचारून ठेवावे.

तपासनीस तिकीट मागतो आणि ते दाखवता येत नाही

पास घरी राहिला, फोन बंद पडला, तिकीट हरवले किंवा यंत्र बिघडल्याने तिकीट काढताच आले नाही, या चारही प्रसंगांत प्रवासी प्रामाणिक असू शकतो, परंतु तपासनिसाला ते पडताळता येत नाही. त्याने दंडाची नोंद केली म्हणजे त्याने तुम्हाला चोर ठरवले असे समजू नये. वैयक्तिक पास घरी राहिला असेल तर दंडाच्या पावतीवर तो नंतर दाखवण्याची सोय आहे का, हे लगेच विचारावे. वर सांगितलेल्या जर्मन अटींनुसार, आपल्याकडे त्या वेळी वैध वैयक्तिक पास होता हे प्रवाशाने एका आठवड्यात कार्यालयात सिद्ध केले तर मोठ्या दंडाऐवजी नाममात्र शुल्कच भरावे लागते. ही सोय आपल्या नावाच्या पासालाच असते. हातोहात कोणालाही देता येणाऱ्या पासाला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे.

यंत्र बिघडलेले असेल तर गाडीत बसण्यापूर्वी त्याचा क्रमांक आणि पडद्यावरचा संदेश यांचे छायाचित्र काढावे आणि वाहक किंवा चालक असेल तर त्याला स्वतःहून सांगावे. तपासनीस आल्यावर सांगितलेल्या कारणापेक्षा तो येण्यापूर्वी नोंदवलेल्या कारणाला कितीतरी अधिक वजन असते. सही करण्यापूर्वी पावतीवरचा मजकूर पूर्ण वाचावा. दंड मान्य नसेल आणि तरीही भरावा लागत असेल तर "हरकत राखून रक्कम भरली" असे सहीजवळ लिहिता येते. पावतीशिवाय मात्र एक पैसाही देऊ नये. अंगाला हात लावणे, वाट अडवणे किंवा संमती न घेता समोरच्याच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा नेणे यांतून पैशांचा छोटा प्रश्न पोलिसांपर्यंत जातो, आणि मग मूळ तक्रार कोणी ऐकून घेत नाही.

तक्रार कशी लिहावी

नोंदीवर सुटणाऱ्या वादात तक्रारीचे यश तिच्या भाषेपेक्षा तिच्यातल्या आकड्यांवर अवलंबून असते. तारीख, वेळ, मार्ग क्रमांक, गाडीचा किंवा यंत्राचा क्रमांक, चढल्याचे आणि उतरल्याचे ठिकाण, तिकीट किंवा व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, गेलेली रक्कम आणि योग्य रक्कम एवढे असले की कार्यालयातील कर्मचारी तुमचा व्यवहार शोधू शकतो. कार्डाचे फक्त शेवटचे चार अंक द्यावेत, पूर्ण क्रमांक कधीही लिहू नये. औष्णिक कागदावर छापलेली तिकिटे उष्णतेने आणि उजेडाने पुसट होतात, म्हणून तिकिटाचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे.

मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ: "अमुक तारखेला अमुक वाजता अमुक मार्गाच्या अमुक क्रमांकाच्या गाडीत मी अमुक थांब्यावरून चढलो. मोबाइलवरून केलेल्या व्यवहारातून माझ्या खात्यातून अमुक रक्कम वजा झाली, त्याचा संदर्भ क्रमांक अमुक आहे. तिकीट न निघाल्याने मी त्याच प्रवासासाठी रोख तिकीट घेतले, त्याचा क्रमांक अमुक आहे. दोन्हींची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पहिली रक्कम मूळ खात्यात परत करावी, अथवा ती आपल्याकडे जमा झालेली नसल्यास तसे लेखी कळवावे." शेवटचे वाक्य आवर्जून लिहावे. रक्कम जमा झालेली नाही असे संस्थेने लेखी दिले की बँकेला पैसे अडवून ठेवायला कारण उरत नाही, आणि एका दारातून दुसऱ्या दारी हेलपाटे घालण्याची वेळ सहसा येत नाही. वाहकाच्या वागणुकीबद्दल काही सांगायचे असेल तर ते वेगळ्या पत्रात लिहावे. पैशांची आणि वागणुकीची तक्रार एकत्र केली की ती वेगवेगळ्या टेबलांवर फिरत राहते.

तोच वाद पुन्हा पुन्हा होत असेल तर

एकदा झालेली चूक योगायोग असू शकते, पण तीच चूक परत परत होत असेल तर तिच्यामागे एखादे ठरावीक कारण असते आणि ते शोधता येते. शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेच कार्ड दुसऱ्या गाडीच्या यंत्रावर चालते का, आणि त्याच यंत्रावर दुसऱ्याचे कार्ड चालते का, एवढे पाहिले तरी दोष कार्डात आहे की यंत्रात हे कळते. कार्ड सर्वत्रच अडखळत असेल तर ते वाकलेले किंवा चिरलेले आहे का ते पाहून बदलून घ्यावे. ठरावीक थांब्यानंतरच भाडे जास्त लागत असेल तर यंत्रात टप्पा पुढे किंवा मागे राहतो आहे, असा संशय घ्यायला जागा असते. चालकाने किंवा वाहकाने टप्पा हाताने बदलायचा असेल तेथे हे सहज घडते. मोबाइलवरचे पेमेंट एकाच ठिकाणी अडकत असेल तर तेथे नेटवर्क दुबळे असावे, म्हणून तिकीट थांब्यावर उभे असतानाच काढून ठेवावे.

लहान रक्कम सोडून देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि दमलेल्या माणसाने संध्याकाळी तो वापरला तर त्यात काही गैर नाही. मात्र कारण यंत्रातले असेल तर रक्कम सोडून दिली तरी कळवायचे सोडू नये, कारण तेच यंत्र दिवसभरात शेकडो जणांचे पैसे चुकीचे कापत असते आणि त्यांच्यापैकी अनेकांना ती रक्कम लहान नसते.

संस्थेने मुदतीत उत्तर दिले नाही तर तक्रार क्रमांकासह तिच्याच वरिष्ठ कार्यालयाकडे आणि त्यानंतर ग्राहक किंवा प्रवासी तक्रारींसाठी नेमलेल्या यंत्रणेकडे जाता येते. बँकेमार्फत व्यवहारच उलटवण्याची मागणी करणे हा अगदी शेवटचा उपाय ठेवावा. कार्डावरील प्रवासभाड्याची रक्कम बँकेने परत खेचली तर परिवहन संस्थेच्या हिशेबात ती थकबाकी दिसते आणि कार्ड नकारयादीत जाऊ शकते. म्हणून ती मागणी करण्यापूर्वी संस्थेला लेखी कळवावे आणि वाद मिटेपर्यंत प्रवासासाठी दुसरे कार्ड वापरावे.